दोन टक्क्यांचा हिशेब

लहान दुकानात कार्ड का चालत नाही, या प्रश्नाला आपल्याकडे वर्षानुवर्षं एक ठरलेलं उत्तर होतं. दुकानदार जुन्या वळणाचा आहे, त्याला नोटा मोजायला आवडतात, यंत्राची धास्ती वाटते आणि मुख्य म्हणजे कर चुकवायचा असतो. हे उत्तर इतक्या वेळा दिलं गेलं की ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटली नाही. कार्डाचा इतिहास मात्र, तो अमेरिकेतला असो की मुंबई-पुण्यातला, वेगळंच सांगतो. लहान दुकानदाराने प्रत्येक टप्प्यावर हिशेब केला: हे साधन घेतल्याने आपल्या डोक्यावरचं कोणतं ओझं उतरतं, आणि त्यासाठी किती मोजावे लागतात? जिथे ओझं उतरत होतं तिथे त्याने मोठ्या दुकानांच्याही आधी कार्ड घेतलं. जिथे उतरत नव्हतं तिथे तो थांबला. भारतात तो तीस-पस्तीस वर्षं थांबला, आणि त्याचं ते थांबणं माझ्या मते बरोबर होतं.

रोकड सोडून दुसऱ्या रूपात पैसा घ्यायचा तर त्याची किंमत पडते, ही गोष्ट इथल्या व्यापाऱ्याला नवी नव्हती. पेशवाईत बाजारात अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच वेळी चालत. सराफ ते पारखून घेई आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा कापी. लांबच्या गावी पैसे पोचवायचे तर हुंडी होती. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी वटे. हुंडणावळ किती पडायची ते अंतरावर, हंगामावर आणि त्या त्या पेठेत पैशाची ओढ किती आहे त्यावर ठरे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, तेव्हापासून बट्ट्याचा धंदा हळूहळू ओसरला. हुंडी पुढेही दीर्घकाळ चालली. व्यापारी हुंडणावळ कुरकुरत का होईना, देत असे, कारण तिच्या बदल्यात थैल्या घेऊन प्रवास करण्याचा धोका टळे. देणं आणि मिळणं, दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढे असे.

हुंडी घाऊक व्यापाराची. किरकोळ दुकानात रोकडीच्या जोडीला होती ती उधारी. रोजमेळात दिवसाचा व्यवहार, खतावणीत गिऱ्हाइकाचं खातं, आणि लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा, ही व्यवस्था केवळ हिशेबाची नव्हती. पगारदाराचा पैसा महिन्यातून एकदा येतो आणि शेतकऱ्याचा सुगीला. घर मात्र रोज चालवावं लागतं. मधल्या दिवसांची तजवीज दुकानदार करत असे. मुंबईच्या गिरणगावात वाण्याचं खातं हा संसाराचा आधार होता, आणि १९८२ च्या संपात कामगारांची घरं काही काळ तगली त्यात त्या वहीचाही वाटा होता. उधारीची किंमत मालाच्या भावात मुरलेली असे, बुडीत खात्यांचा भारही त्यातच. पण त्या बदल्यात गिऱ्हाईक बांधलेलं राही. ज्याचं खातं चालू आहे तो दोन आण्यांसाठी समोरच्या दुकानात जात नाही. म्हणजे दुकानदार स्वतःच एक लहानशी बँक चालवत होता, तीही आपल्या ओळखीच्या माणसांपुरती, जिथे कुणाची पत किती हे सांगायला कागद लागत नव्हता.

कार्ड जन्माला आलं ते नेमकं हेच काम दुकानदाराकडून काढून घेण्यासाठी. १९५० साली न्यू यॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला. धंद्यानिमित्त बाहेर जेवणाऱ्या माणसाने निरनिराळ्या हॉटेलांत एकाच कार्डावर जेवावं आणि महिनाअखेर एकच बिल भरावं, अशी ती सोय होती. हॉटेलवाला बिलातले ७ टक्के क्लबला देई. मग सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरी सुमारे ६०,००० कार्डं लोकांच्या घरी टपालाने पाठवून दिली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणाला विचारलं नव्हतं. सुरुवातीला बँकेला त्यात जबर तोटा झाला. पण इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही, की त्या शहरात कार्ड घ्यायला पुढे आले ते लहान दुकानदार. त्यांच्याकडेही उधारीच्या वह्या होत्या. दर महिन्याला गिऱ्हाइकांना बिलं टपालाने पाठवा, थकलेल्यांच्या मागे लागा, त्यासाठी एखादा माणूस ठेवा, आणि तोवर आपलं भांडवल अडकवून ठेवा, या सगळ्यातून बँक त्यांना सोडवत होती. टक्केवारी द्यावी लागे, पण वही मिटत होती. उलट मोठी दुकानं अडून बसली. सिअर्ससारख्या कंपनीचं स्वतःचं कार्ड होतं, उधारीवरचं व्याज हे तिचं उत्पन्न होतं आणि गिऱ्हाईक तिचंच राहत होतं. जे. सी. पेनीने व्हिसा कार्ड घ्यायला १९७९ साल उजाडलं, आणि सिअर्स तर १९९३ पर्यंत बाहेरची बँक-कार्डं घेत नव्हती. या मोठ्या दुकानांना कुणी मागासलेलं म्हटलं नाही. त्यांनी आपला फायदा पाहिला, एवढंच सगळ्यांनी मानलं. भारतातल्या किराणा दुकानदाराने तसाच हिशेब केला तेव्हा मात्र त्याच्या मनोवृत्तीची चिकित्सा सुरू झाली.

भारतात क्रम नेमका उलटा झाला. डायनर्स क्लब १९६१ मध्ये इथे आला तो बड्या हॉटेलांतून आणि विमानाच्या तिकिटांतून. बँकेने काढलेलं पहिलं कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाचं, १९८० सालचं. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवालांनी मुंबईत उभी केलेली ही बँक. पाठोपाठ १९८१ मध्ये आंध्रा बँकेचं कार्ड आलं, आणि १९९० नंतर परदेशी बँकांनी शहरांत जोर धरला. हे कार्ड मिळायचं कुणाला? ज्याची नोकरी पक्की, पगार बऱ्यापैकी आणि पत्ता मोठ्या शहरातला, त्याला. आता किराणा दुकानाच्या वहीत नाव कुणाचं होतं ते पाहा: गिरणीतला कामगार, शाळेतला शिपाई, महिन्याच्या मधे अडचणीत येणारा कारकून. त्यांच्यापैकी कुणाकडे कार्ड नव्हतं. ज्याच्याकडे कार्ड होतं तो वाण्याकडे उधार मागत नव्हता, खिशातून रोख काढून देत होता. म्हणजे फ्रेस्नोच्या दुकानदाराला कार्डाने जी सुटका दिली ती इथल्या दुकानदाराला मिळणारच नव्हती. त्याची वही तशीच राहणार होती आणि वर रोखीच्या गिऱ्हाइकावर टक्केवारी कापली जाणार होती.

त्यात यंत्रणेचा व्याप होता. १९९० च्या दशकापर्यंत पुष्कळ ठिकाणी कार्ड घ्यायचं म्हणजे हाताने ओढायचं यंत्र. त्यावर कार्ड ठेवायचं, वर कार्बनची तीन प्रतींची पावती ठेवायची, दांडा इकडून तिकडे सरकवायचा. त्या आवाजावरून त्याला झिपझॅप म्हणत. कार्डावरची उठावाची अक्षरं पावतीवर उमटत. ठराविक रकमेच्या वरचा व्यवहार असेल तर बँकेला फोन लावून मंजुरी घ्यायची, खालचा असेल तर चोरीच्या आणि रद्द झालेल्या कार्डांची छापील यादी चाळायची. यादीतलं कार्ड नजरचुकीने घेतलं तर पैसे दुकानदाराचे बुडत. पावत्या बँकेत भरायच्या आणि रक्कम खात्यात यायची वाट पाहायची. मागे रांग लागलेल्या, दहा-वीस रुपयांची गिऱ्हाइकं करणाऱ्या दुकानात हे कसं जमणार? पुढे चुंबकीय पट्टीची यंत्रं टेलिफोनच्या तारेवर चालू लागली, मग मोबाइलच्या जाळ्यावर. २०११ च्या आसपास फोनला जोडायची लहान यंत्रं भारतात आली. अमेरिकेत स्क्वेअर कंपनीने त्याआधी दोनेक वर्षं तशीच सोय काढली होती, आणि तिच्यामागे काचेच्या वस्तू करणाऱ्या एका कारागिराची, जिम मॅकेल्वी यांची, कार्ड घेता न आल्याने हातची गेलेली विक्री होती. यंत्राचा प्रश्न असा टप्प्याटप्प्याने सुटत गेला. तरी लहान दुकानात कार्ड फारसं शिरलं नाही, म्हणून मूळ अडचण यंत्राची नव्हती असं म्हणता येतं.

अडचण टक्क्याची होती. शंभर रुपयांच्या मालावर किराणा दुकानदाराला आठ रुपये सुटतात असं धरू. त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, नोकर, उंदीर-घुशींनी आणि मुदत संपल्याने वाया गेलेला माल वजा केला की हाती तीनेक रुपये उरतील. कार्डाचा आकार मात्र नफ्यावर नसतो, पूर्ण शंभर रुपयांवर असतो. दोन टक्के म्हणजे हातच्या तीन रुपयांतले दोन. साडीच्या किंवा दागिन्यांच्या घडणावळीच्या धंद्यात हेच दोन रुपये सहज पचतात. शिवाय कार्ड हाती असलं की गिऱ्हाईक चढ्या किमतीची साडी घेतं, हा बँकांचा युक्तिवाद तिथे खरा ठरतो. मीठ आणि तूरडाळीला तो लागू पडत नाही. कार्ड आहे म्हणून कुणी घरात जास्त मीठ नेत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत म्हणून तडजोड निघाली: कार्ड चालेल, पण दोन टक्के वर द्यावे लागतील. करारात त्याला मनाई होती, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डावर असा अधिभार लावणं योग्य नाही असं बँकांना बजावलं. पण त्या अधिभारामागे दुकानदारांची तक्रार होती, आणि तिच्यात तथ्य होतं. क्रेडिट कार्डावर बँक महिना-दीड महिना उधार देते, बुडीत खात्याची जोखीम घेते. तिने त्याचे पैसे घेणं समजू शकतं. डेबिट कार्डावर गिऱ्हाइकाच्याच खात्यातले पैसे वळते होतात. तिथे टक्केवारी कशाची? १ सप्टेंबर २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डावरचा आकार २,००० रुपयांपर्यंत पाऊण टक्का आणि त्यावर एक टक्का असा बांधून दिला, त्यामागे हाच विचार होता. पण पाऊण टक्क्यावर यंत्राचं दरमहा भाडं पडतच होतं.

आता कराचा मुद्दा. तो टाळून पुढे जाता येणार नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे. व्यवहाराची नोंद राहिली की उलाढाल दिसते, आणि ती दिसू नये असं वाटणारे दुकानदार होते व आहेत. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून लहान विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बेंगळुरूतल्या टपऱ्यांवर फक्त रोख घेतली जाईल अशा पाट्या लागल्या. भीती खरी असते, एवढं त्यातून कळतं. पण कार्ड नाकारण्याचं मुख्य कारण तीच असेल, तर एक घटना समजावता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये पेट्रोल पंपचालकांच्या संघटनेने कार्ड घेणं बंद करण्याचा इशारा दिला. पंपावर लपवण्यासारखं काय असतं? कंपनीने किती लिटर दिलं, यंत्रातून किती गेलं, भाव काय, सारं नोंदलेलं. त्यांचं म्हणणं एकच होतं: बँका एक टक्का कापणार, आणि आम्हाला लिटरमागे ठरीव दलाली मिळते. ती तेव्हा पेट्रोलवर अडीच रुपयांच्या आसपास होती आणि पेट्रोल सत्तर रुपयांच्या घरात. एक टक्का म्हणजे सत्तर पैसे, म्हणजे दलालीतला पाव हिस्सा जाणार. सरकारने मध्यस्थी केली, आकार पंपचालकांवर पडणार नाही असं सांगितलं, आणि यंत्रं चालू राहिली. कर लपवण्याचा ज्यांना काही वावच नाही त्यांनी केवळ टक्क्यासाठी कार्ड नाकारायची तयारी केली. तोच टक्का किराणा दुकानदाराला जाचला, तर त्याच्या मनात काळंबेरं शोधण्याआधी त्याचा ताळेबंद पाहायला हवा होता.

दुसरा आक्षेप असा, की नोटबंदीने लोकांना वळण लावलं, हिशेब वगैरे नंतरचं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्के नोटा बाद झाल्या. देशात तेव्हा कार्ड घेणारी यंत्रं सुमारे १५ लाख होती, मार्च २०१७ पर्यंत ती २५ लाखांवर गेली. चार-पाच महिन्यांत दहा लाखांची भर ही लहान गोष्ट नाही. पण ती सक्ती होती, आणि सक्तीच्या त्या काळातही रिझर्व्ह बँकेला १,००० रुपयांपर्यंतच्या डेबिट कार्ड व्यवहारांवरचा आकार तात्पुरता पाव टक्क्यावर आणावा लागला. म्हणजे दुकानदाराची नड कुठे आहे हे तिलाही कळलं होतं. पुढची पावलं त्याच दिशेने पडली. १ जानेवारी २०१८ पासून वीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या दुकानदाराला डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि क्यूआर कोडवर ०.३० टक्के. २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवरचा भार दोन वर्षं सरकारने उचलला. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचा आकार शून्य झाला.

आणि मग जे झालं ते आपण सगळे पाहतो आहोत. राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत यूपीआयची सुरुवात केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याच्या व्यवहारांनी शंभर कोटींचा आकडा ओलांडला, ऑगस्ट २०२३ मध्ये हजार कोटींचा. यातले पुष्कळ व्यवहार माणसामाणसांतले असतात, सगळे दुकानातले नव्हेत. तरीही भाजीच्या पाटीवर, चहाच्या टपरीवर, चप्पल शिवणाऱ्याच्या पेटीवर चिकटवलेला चौकोन नाकारता येत नाही. हीच ती माणसं, ज्यांना यंत्राची धास्ती वाटते असं सांगितलं जात होतं. इथे त्यांची प्रत्येक जमा बँकेत नोंदली जाते, तरी त्यांनी हे घेतलं. भाडं नाही, कापाकापी नाही, पैसा लगेच खात्यात आणि सुट्ट्यांची कटकट संपली. हिशेब फिरला तसा दुकानदारही फिरला.

यावर कुणी म्हणेल, फुकट दिलं तर कोण घेणार नाही? यात दुकानदाराच्या शहाणपणाचा पुरावा कसला? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण फुकट काहीच नसतं. व्यवहार चालवायला बँकांना खर्च येतो. २०२४-२५ साठी केंद्राने लहान दुकानदारांकडच्या कमी रकमेच्या यूपीआय व्यवहारांकरता सुमारे १,५०० कोटी रुपयांचं प्रोत्साहन मंजूर केलं, आणि हा पैसा अपुरा आहे असं ही सेवा देणाऱ्या कंपन्या सांगत आल्या आहेत. पण दुकानदार काहीच द्यायला तयार नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. काउंटरवरचा पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा पाहा. त्याचं तो दरमहा शंभर-सव्वाशे रुपये भाडं भरतो. का? कारण पैसे पाठवल्याचा खोटा फोटो दाखवून निघून जाणारं गिऱ्हाईक हे खरं नुकसान आहे, आणि हातात तराजू असताना फोन काढून पाहणं शक्य नसतं. डबा ते काम करतो, मराठीतही सांगतो, आणि विक्री दुप्पट झाली म्हणून भाडं दुप्पट होत नाही. याला जुना दाखला आहे तो पिग्मीचा. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केलेली रोजच्या बचतीची ही पद्धत महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी गावोगाव नेली. एजंट रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीशी येतो, पन्नास-शंभर रुपये घेतो आणि पावती देतो. त्याचं कमिशन संस्था देते आणि ठेवीदाराला व्याज कमी मिळतं. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. तरी तो पिढ्यान् पिढ्या पिग्मी भरत आला, कारण दुकान सोडून बँकेच्या रांगेत उभं राहणं त्याला याहून महाग पडतं. मोबदला दिसला की तो पैसे देतो.

त्याहून बोलका दाखला तालुक्याच्या गावातल्या मोबाइल आणि फ्रिजच्या दुकानांचा आहे. तिथे कार्डावर हप्ते पाडून देणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे. पुण्याच्या बजाज फायनान्ससारख्या कंपन्यांनी बिनव्याजी हप्त्यांची पद्धत रुजवली. त्या हप्त्यांतलं व्याज कुठे जात नाही, कारखानदार आणि विक्रेता ते आपल्या वाट्यातून सोसतात. हा भार साध्या कार्डाच्या दोन टक्क्यांहून जड असू शकतो. पण विक्रेता त्याविरुद्ध पाट्या लावत नाही, कारण वीस हजारांचा फ्रिज उधारीवर द्यायची ताकद त्याच्यात नाही आणि गिऱ्हाइकाला तो रोखीने परवडत नाही. मधली जोखीम दुसरं कुणी घेतं, विक्री होते. १९५८ मध्ये फ्रेस्नोच्या दुकानदाराला जे मिळालं ते भारतातल्या लहान विक्रेत्याला अखेर इथे मिळालं.

किराणा दुकानात मात्र हा प्रश्न अजून उघडा आहे, आणि तो लवकरच ऐरणीवर येईल. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. काउंटरवरचा तोच चौकोन आता उधारीचे पैसेही आणू शकतो. लहान दुकानदारासाठी २,००० रुपयांपर्यंत त्यावर आकार नाही, त्यापुढे आहे. दूध-बिस्किटांची रोजची खरेदी या रेषेच्या आत राहते. महिन्याचा किराणा, जो पूर्वी वहीत मांडला जाई आणि पगार झाल्यावर चुकता होई, तो चार माणसांच्या घरात हल्ली २,००० रुपयांत बसत नाही. ज्या गिऱ्हाइकाचं खातं दुकानदार आजही चालवतो त्याच्याच फोनमध्ये आता बँकेची उधारी येऊ लागली आहे. अशा वेळी टक्केवारी दिली तर वही मिटेल, थकबाकी मागायला लागणार नाही, अडकलेलं भांडवल मोकळं होईल. पण गिऱ्हाईक बांधून ठेवणारा धागाही बँकेच्या हाती जाईल. हा आकार किती टक्के असावा, त्याला वरची मर्यादा असावी की नाही, हे ठरवताना बँका आणि सरकार आपापले आकडे मांडतीलच. त्याच टेबलावर किराणा दुकानदाराचा ताळेबंद, भाडं आणि वाया गेलेल्या मालासकट, ठेवला गेला पाहिजे.